ओडी संपलेली कार, उभा ट्रक आणि एक कोटीचा दावा

भारतात ‘विम्याची मर्यादा संपली’, म्हणजे भरपाई पॉलिसीच्या कमाल रकमेहून मोठी निघाली, ही अडचण परदेशासारखी येत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला रकमेची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला: कारच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाख, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, शंभर रुपये प्रीमियम वाचवण्यासाठी कारमालक ती सहा हजारांवर आणू शकत होता. शारीरिक इजेच्या दाव्यात अडचण वेगळ्याच दारातून येते. पॉलिसी असते, चालू असते, पण जखमी माणूस तिच्यात बसत नाही. मग नुकसानभरपाईची रक्कम कितीही ठरली तरी त्या विमा कंपनीचा वाटा शून्य राहतो आणि उरतो तो कारमालकाचा स्वतःचा खिसा.

पुढचे प्रकरण असेच आहे. माणसे आणि आकडे मांडणीसाठी घेतले आहेत; कलमे आणि निकाल खरे आहेत.

घटना

पुणे-सोलापूर महामार्ग, इंदापूरच्या पुढचा टप्पा, रात्री साडेअकराचा सुमार. कार मालक स्वतः चालवतोय, शेजारी त्याचा मित्र. मित्राचे वय ३४, एसी बसवण्या-दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय. डाव्या लेनमध्ये मालट्रक उभा आहे, मागे दिवा नाही. कार ट्रकच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर आदळते. चालकाला किरकोळ मार लागतो. मित्राचा डावा पाय डॅशबोर्डखाली चिरडतो आणि आठ दिवसांनी गुडघ्याखाली कापावा लागतो.

कार घेऊन सव्वादोन वर्षे झालेली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक जण एका वर्षाचा घेतात. पुढे तो भरायचा राहतो. विमा आहे का, असे विचारले की मालक छातीठोकपणे ‘आहे’ म्हणतो, आणि ते खोटेही नसते. पण ओडी संपल्यावर हातात राहते ती नुसती कायद्यापुरती पॉलिसी, आणि खासगी कारमधून फुकट प्रवास करणारा मित्र, नातेवाईक, शेजारी त्या पॉलिसीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंह (२००६) प्रकरणापासून हे स्पष्ट केले आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र, असती तर कारमधल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर आली असती; बालकृष्णन (२०१२) प्रकरणात तेच ठरले.

म्हणून पहिला कागद पॉलिसीचे शेड्यूल. त्यात ‘लायबिलिटी ओन्ली’ किंवा ‘स्टँडअलोन टीपी’ (फक्त थर्ड पार्टी) लिहिले आहे का, ओडी प्रीमियमच्या रकान्यात शून्य आहे का, आणि आयएमटी-१६ हे कलम जोडले आहे का, एवढे तीन ठिकाणी बघायचे. आयएमटी-१६ म्हणजे अनामिक प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा. तो असला तर प्रवाशाला करारानुसार ठरलेली छोटी रक्कम मिळते, कमाल दोन लाखांपर्यंत. मालक-चालकाचा सक्तीचा पंधरा लाखांचा अपघात विमा वेगळा. त्यातला एक पैसाही प्रवाशाला मिळत नाही. घरचे लोक नेमके तोच आकडा बघून निश्चिंत होतात.

नुकसान किती

मित्राची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे अपघाताच्या आधी भरलेली आहेत. (अपघातानंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे मोटार अपघात दावे चालवणारे न्यायाधिकरण संशयाने बघते.) वार्षिक उत्पन्न ४,२०,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळीसच्या आत, म्हणून प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: ५,८८,०००. वय ३१ ते ३५ या गटात असल्याने सरला वर्मा (२००९) निकालातला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसारचा आकडा, १६. गुणाकार ९४,०८,०००. जखमी हयात असल्याने वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही. तरीही मृत्यूच्या दाव्याच्या सवयीने एक तृतीयांश कापलेले हिशेब अर्जांत सापडतात.

आता अपंगत्व. प्रमाणपत्रावर ६० टक्के आहे, पण राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) निकालानुसार प्रश्न पायाचा नसून कमाईचा असतो. कारकुनाचा पाय आणि एसी मेकॅनिकचा पाय यांची किंमत एक नाही. बाहेरचा युनिट तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर बसवायचा तर शिडीवर दोन्ही पाय रोवून, एका हाताने भिंत धरून वजन पेलावे लागते. कृत्रिम पायाने ते होत नाही. दुकानात बसून सर्किट बोर्ड दुरुस्त करणे तेवढे होते. हे सगळे डॉक्टरच्या आणि एखाद्या सहकाऱ्याच्या साक्षीत यायला हवे. आले, तर ७० टक्के कमाईक्षमता गेली असे धरता येते: ६५,८५,६००. प्रमाणपत्र नुसते दाखल केले आणि डॉक्टरला साक्षीला बोलावलेच नाही, तर न्यायाधिकरण आकडा खाली आणते आणि अपिलात तो वर नेणे अवघड जाते.

उपचारांची बिले ११,४०,०००. नऊ महिन्यांची बुडालेली कमाई ३,१५,०००. कृत्रिम पाय एकदा घेऊन भागत नाही. तो झिजतो, साॅकेट बदलावे लागते, आणि मोहम्मद साबीर (२०२२) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढे पाय बदलण्याचा खर्चही हिशेबात धरला. इथे तीन लाखांचा एक असे पाच धरले: १५,००,०००. त्यासाठी बनवणाऱ्या केंद्राचे कोटेशन आणि तो किती वर्षे टिकतो याची लेखी नोंद हवी. मदतनीस १,२०,०००, वेदना दोन लाख, जगण्यातला आनंद गमावल्याबद्दल दोन लाख, प्रवास आणि आहार ७५,०००. एकूण १,०१,३५,६००.

मेडिक्लेममधून साडेचार लाख मिळाले असले तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितले की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चातून वजा करायची नाही. तेव्हा मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे देण्यापूर्वी रुग्णालयाकडून साक्षांकित संच घेऊन ठेवावा. नाहीतर दाव्याच्या वेळी हातात फोटोकॉपी उरतात.

दुसरे वाहन

एक कोटी एक लाखाचे नुकसान, कारच्या कंपनीचा वाटा शून्य, आणि कारमालकाकडे कर्जावर घेतलेला फ्लॅट. इथेच बहुतेक दावे फसतात, कारण सगळी ताकद कारच्या विमा कंपनीशी भांडण्यात जाते. खरी वाट ट्रककडे आहे. ट्रकच्या दृष्टीने कारमधला मित्र हा त्रयस्थ, म्हणजे अस्सल थर्ड पार्टी. ट्रकच्या पॉलिसीत त्याच्या इजेला मर्यादा नाही.

आणि ट्रकचा दोष किती, याने अर्जदाराला फारसा फरक पडत नाही. काहीतरी दोष असणे पुरते. खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अॅशुरन्स (२०१५) निकालानुसार दोन चालकांच्या निष्काळजीपणातून तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. याला संमिश्र निष्काळजीपणा म्हणतात. अंशदायी निष्काळजीपणा म्हणजे जखमीची स्वतःची चूक, ती वेगळी; शेजारी बसलेल्याच्या माथी चालकाची चूक मारता येत नाही. त्याने सीटबेल्ट लावला होता का, एवढा एक प्रश्न ट्रकची कंपनी नक्की विचारेल, त्याचे उत्तर तयार ठेवावे.

पण गुन्हा दाखल झालाय तो फक्त कारचालकावर. भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५, म्हणजे बेदरकार वाहन चालवणे आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे. असे नेहमीच होते: मागून आदळला त्याची चूक. ट्रकचा चालक ठाण्यात हजर असतो, जखमी रुग्णालयात असतो, आणि फिर्याद लिहिली जाते. फिर्याद म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. न्यायाधिकरणात पुरावा संभाव्यतेच्या तराजूवर, म्हणजे कोणाचे म्हणणे जास्त शक्य वाटते यावर, तोलला जातो. तरीही ट्रकचा दोष कागदावर आणण्याची मुदत अपघातानंतरचे जेमतेम काही दिवस असते.

घटनास्थळ पंचनाम्यात चार मोजमापे लागतात: रस्त्याची एकूण रुंदी, ट्रकच्या डाव्या चाकांचे साइडपट्टीपासूनचे अंतर, उजवी चाके लेनमध्ये किती आत, आणि मागे त्रिकोणी फलक, दगड किंवा फांद्या ठेवल्या होत्या की नाही. या प्रकरणात डावी चाके साइडपट्टीवर दीड फूट, बाकी सगळा ट्रक लेनमध्ये. तेवढ्या एका ओळीने मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ लागू होते: धोकादायक स्थितीत वाहन उभे करणे.

दिव्यांबाबत ट्रकच्या कंपनीचे ठरलेले उत्तर असते, ‘दिवे चालू होते, धडकेत फुटले’. इथे धडक उजव्या कोपऱ्यावर झाली. मागचा डावा दिवा शाबूत होता. मोटार वाहन निरीक्षकाने तपासणीत बटण टाकले, तो लागला नाही, आणि वायर जोडाजवळ गंजून तुटलेली आढळली. अहवालातल्या या दोन ओळी उलटतपासणीत मोडता येत नाहीत. फुटलेला दिवा साध्या बल्बचा असेल तर तोही जपून ठेवायला सांगावे: पेटलेल्या अवस्थेत फुटलेल्या बल्बची तार ताणलेली-वाकलेली दिसते, विझलेल्याची तशीच तुटते. परावर्तक पट्टी मळलेली किंवा उखडलेली असेल तर तिचे जवळून फोटो. मोबाइलमधले फोटो, डॅशकॅम, टोलनाक्याचे चित्रण यांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर चित्रण असून नसल्यासारखे.

कारच्या वेगाचा हिशेबही करून ठेवावा, कारण तो दुधारी आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चालकाला सावध व्हायला दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेकने थांबायला सुमारे ३६ मीटर. एकूण ६९-७०. डिपरच्या प्रकाशात काळपट मागची बाजू त्याआधी दिसेलच असे नाही. म्हणून ट्रक दोषी. पण ट्रकची कंपनी म्हणणार, दिसत नव्हते तर वेग कमी ठेवायचा. तेही बरोबरच आहे, आणि म्हणूनच अशा प्रकरणांत दोष वाटला जातो. रस्त्याच्या मधोमध दिव्याशिवाय उभ्या टँकरवर कार आदळल्याच्या अर्चित सैनी (२०१८) प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने सगळा दोष टँकरवर ठेवला होता.

जखमीचा रुग्णालयातला जबाब पहिल्यांदा नोंदवला जातो तेव्हाच ‘ट्रकला मागे दिवा नव्हता’ हे वाक्य त्यात असायला हवे. दोन वर्षांनी साक्षीत पहिल्यांदा आलेले वाक्य शिकवलेले वाटते.

ट्रकचा विमा, परमिट, फिटनेस, चालकाचा वाहन चालवण्याचा परवाना हे तपशील मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० खाली आरटीओ किंवा पोलीस ठाण्याकडून मागता येतात. शिवाय पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणात द्यायचा असतो. त्यात हे सगळे असते. ट्रकचालकाचा परवाना संपलेला निघाला तरी घाबरायचे कारण नाही. स्वर्ण सिंह (२००४) निकालापासून ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ हा मार्ग रुळलेला आहे.

जाबदार कोण कोण

‘मित्रावर दावा कसा लावू?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. कायद्याने त्याला वगळता येते. खेन्येई निकालानुसार अर्जदार एकाच दोषी पक्षावर जाऊ शकतो. आमचा सल्ला तरीही वगळू नये असाच. एक तर न्यायाधिकरणाने ट्रकला निर्दोष ठरवले तर समोर कोणीच उरत नाही. दुसरे, मित्र त्यातून सुटत नाहीच. भरपाई भरल्यावर ट्रकची कंपनी त्याच्यावर स्वतंत्र दावा लावू शकते. तो पक्षकार असला तर निदान त्याला आपली बाजू मांडता येते, आणि ट्रकची स्थिती सांगणारा सर्वांत जवळचा साक्षीदारही तोच आहे.

म्हणून जाबदार पाच: कारमालक-चालक, कारची विमा कंपनी, ट्रकचालक, ट्रकमालक, ट्रकची विमा कंपनी. कारच्या कंपनीला पर्यायी मागणीसाठी ठेवायचे: मनुआरा खातून (२०१७) प्रकरणात फुकट प्रवाशांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला आधी भरून मग मालकाकडून वसूल करायला सांगितले होते. हमखास मिळेल असे नाही, पण मागणी अर्जातच नसेल तर युक्तिवादात ती उगवत नाही.

मागणीत शब्द हवेत: ‘सर्व जाबदारांनी संयुक्तपणे व पृथकपणे’, म्हणजे पूर्ण रक्कम सगळ्यांकडून मिळून किंवा कोणाही एकाकडून घेता यावी. साऱ्या अर्जात याहून महागडे शब्द नाहीत.

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघातापासून सहा महिन्यांत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण त्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही. अर्ज अर्जदार राहतो तिथेही करता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या माणसाने इंदापूर-पुण्याकडे खेटे घालायची गरज नाही. कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता गंभीर इजेला अडीच लाखांची ठरावीक भरपाई आहे. एक कोटीच्या नुकसानीत ती वाट धरणे म्हणजे ९८ लाखांवर पाणी सोडणे.

मध्येच काय बिघडते

सर्वांत वाईट घोटाळा दुसऱ्याच न्यायालयात होतो. कारचालकाला कोणीतरी सांगतो, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कबुली देतो आणि सहा महिन्यांनी ट्रकची कंपनी त्या निकालाची प्रत दाखल करते: सगळी चूक याचीच, त्याने स्वतः मान्य केली आहे. ती कबुली अर्जदारावर बंधनकारक नाही, पण ट्रकवरचा दोष ४० टक्क्यांवरून शून्यावर न्यायला तिचा वापर होतोच. तेव्हा मित्राला पहिल्या आठवड्यातच वकिलाकडे पाठवावे.

दुसरा घोटाळा तडजोडीचा. कलम १४९ खाली ट्रकच्या कंपनीचा अधिकारी प्रस्ताव देतो, समजा अठरा लाख. घरात कर्ज झालेले असते, रक्कम मोठी वाटते. पुरसीसवर, म्हणजे न्यायाधिकरणात दिलेल्या लेखी निवेदनावर, ‘पूर्ण व अंतिम’ लिहिले जाते आणि मनात असते की उरलेले मित्राकडून बघू. उरलेले मग मिळतच नाही: एकाच नुकसानीची पूर्ण भरपाई मिळाल्याचे अर्जदाराने स्वतःच लिहून दिलेले असते. लोकअदालतीतला निवाडा तर अंतिमच; त्यावर अपील नाही. एका जाबदाराशी तडजोड करायचीच असेल तर ती कोणापुरती आहे आणि बाकीच्यांविरुद्धचा दावा कायम आहे, हे पुरसीसमध्ये स्पष्ट लिहावे. तरीही पूर्ण रक्कम देऊ शकणाऱ्या एकमेव पक्षाला अर्ध्यावर सोडण्यात अर्थ नाही.

तिसरा निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात. न्यायाधिकरण दोष ६०-४० ठरवते आणि लिहून जाते: कारमालकाने ६० टक्के द्यावेत, ट्रकच्या कंपनीने ४०. वरवर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात अर्जदाराचे साठ टक्के फ्लॅटच्या कर्जाखाली गाडले जातात. दोषाची विभागणी जाबदारांच्या आपसातल्या हिशेबासाठी असते, अर्जदाराच्या वसुलीसाठी नाही. लेखी युक्तिवादात खेन्येईचा परिच्छेद उद्धृत करून आदेश कसा असावा तेही लिहून द्यावे. तरीही चुकले तर अपील ९० दिवसांत, कलम १७३ खाली. सोलापूर जिल्ह्याचे अपील ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाते.

वसुली

समजा दोष ६०-४० ठरला, पण आदेश बरोबर झाला: १,०१,३५,६००, अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. भविष्यातील खर्चावर, म्हणजे कृत्रिम पायांच्या १५ लाखांवर, सहसा व्याज मिळत नाही. उरलेल्या ८६,३५,६०० वर वर्षाला ६,४७,६७० आणि तीन वर्षांत १९,४३,०१०. एकंदर १,२०,७८,६१०. ही सगळी रक्कम ट्रकची कंपनी न्यायाधिकरणात जमा करते. काही भाग मुदत ठेवीत अडकवला जातो. पहिला कृत्रिम पाय आणि कर्ज यांचे कागद जोडून जास्त रोख मागावी. कंपनी अपिलात गेली तर जमा रकमेतला भाग काढण्याची परवानगी मागता येते.

ट्रक पूर्ण निर्दोष ठरला असता तर कारमालकाविरुद्ध कलम १७४ खाली वसुली दाखला घेऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करावी लागली असती. त्यात वर्षे जातात. दाव्याच्या काळात तो फ्लॅट बायकोच्या नावावर करू लागला, तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खाली. त्यासाठी नुसता संशय चालत नाही, विक्रीची जाहिरात किंवा बक्षीसपत्राची नक्कल लागते.

इथे ट्रकची कंपनी आपला ४० टक्के वाटा सोसून उरलेले ७२,४७,१६६ रुपये त्याच दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात, कारमालकाकडून मागते. तो हप्ते मागेल, हरकती घेईल, पगारातला काही भाग जप्तीतून वाचवेल. ती वसुली दहा वर्षे चालली, तरी अर्जदाराच्या खात्यातल्या रकमेला तिचा धक्का लागत नाही.